‘ॲनिमल’ला मराठीत काय म्हणावे?

इंग्रजी माध्यमात शिकणारी आमच्या घरातली मुले सुट्टीत गावी आली, की ‘ॲनिमल म्हणजे मराठीत काय?’ हा प्रश्न कधी ना कधी निघतोच, आणि जवळ जो कोणी मोठा माणूस असेल तो ‘प्राणी’ असे एका शब्दात उत्तर देऊन मोकळा होतो. उत्तर चुकीचे नाही. शब्दकोशातही प्राणी, पशू, जनावर, जीव हे प्रतिशब्द एका ओळीत स्वल्पविराम देऊन मांडलेले असतात, आणि त्यामुळे ते एकमेकांच्या जागी बिनदिक्कत चालतात असा समज होतो. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर ज्याचे आयुष्य गेले आहे त्याला मात्र ठाऊक असते, की गोठ्यात, पडवीत, सड्यावर (कातळाच्या माळावर), रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) आणि तालुक्याच्या कचेरीत यांतला वेगवेगळा शब्द चालतो आणि तो बदलला तर ऐकणाऱ्याला भलतेच काही कळते. त्या जिवाशी आपला संबंध कोणता, हे मराठीतला शब्द आधी सांगतो. तो संबंध न पाहता सरसकट ‘प्राणी’ लिहिले, तर निम्मा अर्थ वाटेतच सांडतो.

आधी त्या इंग्रजी शब्दाकडे पाहू. ‘ॲनिमल’ लॅटिनमधून आला आणि त्याच्या मुळाशी ‘ॲनिमा’, म्हणजे श्वास किंवा प्राण, हा शब्द आहे. आपला ‘प्राणी’ संस्कृतातल्या ‘प्राण’पासून झाला आणि ‘प्राण’ हा ‘अन्’, म्हणजे श्वास घेणे, या धातूला ‘प्र’ लागून बनला. लॅटिनमधले ‘ॲनिमा’ आणि संस्कृतातले ‘अन्’ एकाच प्राचीन धातूतून निघालेले आहेत, असे भाषाशास्त्र सांगते. म्हणजे ‘प्राणी’ हा ‘ॲनिमल’चा अर्थाने जुळणारा प्रतिशब्द तर आहेच, शिवाय तो त्याचा दूरचा भाऊबंदही आहे, आणि हे मला फार मोलाचे वाटते. इंग्रजीत हा शब्द रोजच्या वापरात रुळला तो सतराव्या शतकाच्या आसपास. 1611 साली छापलेल्या इंग्रजी बायबलमध्ये तो एकदाही येत नाही. तिथे ‘बीस्ट’ आणि ‘क्रीचर’ यांवरच काम भागवलेले आहे. त्याहून जुना शब्द ‘डिअर’. आज त्याचा अर्थ हरीण असा होतो, पण जुन्या इंग्रजीत तो कोणत्याही जनावराला लावीत असत, आणि जर्मन भाषेत त्याचाच भाऊ आजही जनावर याच अर्थाने चालतो.

अगदी हाच प्रवास आपल्याकडे ‘मृग’ या शब्दाने केला आहे. संस्कृतात मृग म्हणजे रानातले कोणतेही जनावर. म्हणून सिंह हा मृगेंद्र आणि शिकार ही मृगया. पुढे तो हरणापुरता उरला. कोकणात त्याचा ‘मिरग’ झाला आणि तो पावसाच्या नक्षत्राला चिकटला. जूनच्या सुरुवातीला मिरग लागला, की पहिल्या सरींनंतर ओल्या मातीवर लालभडक, मखमली, मसुराच्या दाण्याहून थोडा मोठा असा एक जीव सावकाश चालताना दिसतो, आणि त्याला आम्ही मृगाचा किडा म्हणतो. त्याला हात लावला की तो पाय पोटाशी घेऊन मखमलीची गोळी होऊन पडतो. पाय मोजले तर आठ भरतात, म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने तो कीटक नसून कोळी आणि विंचू यांच्या कुळातला आहे. परंतु ‘किडा’ या आपल्या शब्दाने पायांची अट कधीच घातली नव्हती. लहान, जमिनीलगत चालणारा, बहुधा निरुपद्रवी जीव एवढाच त्याचा अर्थ, आणि तेवढ्या अर्थाने तो बरोबरच आहे.

आता ‘जनावर’. हा शब्द फारसीतून आला. ‘जान’ म्हणजे जीव आणि ‘वर’ म्हणजे तो असलेला, म्हणून जानवर. हिंदीत तो आजही सर्व प्राण्यांना लागतो. मराठीच्या इतर मुलखात जनावर म्हणजे प्रामुख्याने गुरे. घाटावर जनावरांचा बाजार भरतो तेव्हा तिथे बैल आणि म्हशी उभ्या असतात. आमच्या किनाऱ्यावर मात्र तिन्हीसांजेला शेजारच्या काकी पडवीतून हाक मारतात, “अरे बाळा, बॅटरी घेऊन ये लवकर, चुलीमागे जनावर शिरलंय,” तेव्हा गाय किंवा कुत्रे यांतले काहीही कोणाच्या मनात येत नाही. काठी, बॅटरी आणि सर्पमित्राचा फोन नंबर या तीन गोष्टी शोधल्या जातात. शहरातून आलेला भाचा मात्र “कुठला ॲनिमल?” असे विचारतो, आणि त्याला ‘साप’ असे स्पष्ट सांगायलाही जुनी माणसे दिवे लागल्यावर कचरतात. लांबडे, किरडू, जनावर असे काहीतरी म्हणून ती वेळ निभावून नेतात. चावला असेही म्हणत नाहीत. ‘पान लागले’ म्हणतात.

नाव घेतले की तो येतो, ही त्यामागची समजूत. ती फक्त आपल्याकडे आहे असे नाही. रशियन भाषेत अस्वलाला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ ‘मध खाणारा’ असा आहे. अस्वलाचे खरे नाव त्या लोकांनी भीतीपोटी टाकले आणि ते कायमचे विसरले गेले. आपण सापाचे नाव विसरलो नाही, एवढेच नव्हे तर फुरसे, घोणस, मण्यार, नाग, धामण, दिवड, नानेटी, हरणटोळ अशी त्याची नावे घरातल्या बायकांनाही तोंडपाठ असतात. फुरसे हे तर आमच्या जांभ्याच्या कातळाचेच रहिवासी. हात-दीड हातापेक्षा क्वचितच मोठे, मातकट रंगाचे, दगडाखाली वेटोळे करून बसलेले, आणि डिवचले की अंगावरचे खवले एकमेकांवर घासून खरखर असा आवाज करणारे. हा आवाज ज्याने एकदा ऐकला आहे तो दगड उचलताना दोन्ही हात एकदम घालत नाही.

येथे शब्दाचा प्रश्न थेट जिवावर येतो, म्हणून थोडे थांबून लिहितो. भारतात मिळणारे सर्पविषावरचे औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालेल असे बनवलेले असते. कुत्रे चावले तर जखम साबणाने आणि भरपूर पाण्याने धुऊन रेबीजची लस सुरू करावी लागते. या दोन उपचारांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. 108 क्रमांकावर फोन करून ‘जनावर चावले’ एवढेच सांगितले, तर दुसऱ्या टोकाला बसलेला विदर्भातला किंवा मराठवाड्यातला माणूस त्याचा अर्थ काय घेईल हे सांगता येत नाही. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना मी आवर्जून सांगतो, की एरवी लांबडे म्हणा, जनावर म्हणा, पण फोनवर आणि दवाखान्यात साप हाच शब्द वापरा. नाव घेतल्याने तो येत नाही. नाव न घेतल्याने उपचाराला मात्र उशीर होऊ शकतो.

सापाने ‘जनावर’ हा शब्द व्यापून टाकल्यामुळे आमच्याकडे गोठ्यातल्या प्राण्यांना गुरे किंवा ढोरे म्हणतात. गुरे सड्यावर जातात, गुरे पाण्यावर नेतात, भात कापून झाले की गुरे मोकळी सुटतात. हा शब्द जवळजवळ नेहमी अनेकवचनातच येतो, कारण गोठ्यातल्या एकेकीला नाव असते आणि एकटीविषयी बोलताना कपिला किंवा चांदी असेच म्हटले जाते. या शब्दाभोवती क्रियापदांचे जे दाट रान उगवले आहे ते मला मराठीचे खरे वैभव वाटते. गाय फळते, गाभण राहते, विते, पान्हा सोडते, वासरू मेले तर पान्हा चोरते, पुढे आटते आणि शेवटी भाकड होते. कोंबडी खुडूक बसते. माणसाच्या बाबतीत यातले एकही क्रियापद चालत नाही. बाई गरोदर राहते आणि बाळंत होते. अपवाद पान्ह्याचा. तो गाईलाही फुटतो आणि आईलाही, आणि तिथे मराठीने दोघींमध्ये भेद केला नाही. इंग्रजीतून मराठीत केलेल्या कित्येक मजकुरांत आता ‘गाईने वासराला जन्म दिला’ असे सर्रास वाचायला मिळते. गाय व्याली, हे दोन शब्दांचे वाक्य हाताशी असताना हा वळसा का घ्यावा, हे मला समजत नाही.

‘पशू’ हा शब्द आमच्या बोलण्यात जवळजवळ नाहीच. तो कचेरीत राहतो. पंचायत समितीत पशुधन विकास अधिकारी असतात, दर पाच वर्षांनी पशुगणना होते, दवाखान्याच्या पाटीवर पशुवैद्यकीय असे लिहिलेले असते, आणि तिथे जाणारा प्रत्येक माणूस मात्र “गुरांच्या डॉक्टरकडे चाललो” असे सांगतो. पशुगणना 1919-20 पासून चालत आलेली आहे आणि विसावी 2019 साली झाली. ‘पशुधन’ या शब्दातले धन वरवरचे नाही. संस्कृतातल्या ‘पशु’चा सख्खा भाऊ असलेला लॅटिन शब्द गुराढोरांसाठी होता, आणि त्यापासूनच त्या भाषेत पैशाचा शब्द तयार झाला. ज्याच्या दावणीला गुरे जास्त तो श्रीमंत, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच.

व्याकरणातही एक गोष्ट लक्ष देण्याजोगी आहे. वासरू, कोकरू, शिंगरू, पाखरू, करडू, रेडकू, पिल्लू, पाडस हे सगळे शब्द नपुंसकलिंगी आहेत. लहान जिवाचे लिंग अजून महत्त्वाचे ठरलेले नाही, आणि त्याच्याकडे पाहताना बोलणाऱ्याच्या मनात माया आहे, या दोन्ही गोष्टी हा एक प्रत्यय सांगून जातो. आता याच रांगेत लेकरू, मूल आणि पोर हे शब्द ठेवून पाहा. माणसाचे बाळ आणि गाईचे बाळ मराठीने एकाच लिंगात, एकाच पंक्तीला बसवले आहे. वाघाचेही वाघरू होते. आमच्याकडे वाघ म्हणजे बहुतेक वेळा बिबट्या, हे येथे सांगून ठेवतो. पट्ट्यांचा असेल तर त्याला पट्टेरी वाघ असे वेगळे म्हणावे लागते. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेले शेकरूही याच नपुंसकलिंगी घरातले.

राज्यप्राण्यावरून समुद्राकडे वळतो. राज्याने शेकरू हा राज्यप्राणी, हरियाल हा राज्यपक्षी आणि 2023 साली पापलेट हा राज्यमासा असे वेगवेगळे मान दिले आहेत. याचा अर्थ सरकारी भाषेतही प्राणी म्हणजे अंगावर केस असलेला, चार पायांचा, पिलांना दूध पाजणारा जीव, आणि पक्षी व मासा त्याच्या बाहेरचे. इंग्रजीतही रोजच्या बोलण्यात ‘ॲनिमल्स आणि बर्ड्स’ असे जोडीने म्हणतातच. आमच्या किनाऱ्यावर हे बाहेर असणे फार पक्के आहे. बांगड्याला, तारलीला किंवा सुरमईला प्राणी म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. रापण ओढली की ‘मासळी लागली’ असे एकवचनी, स्त्रीलिंगी आणि जमावाचे रूप येते. रायगडकडे त्याचेच म्हावरे होते. किनाऱ्यावर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वाट्याने विकल्या जातात, बांगडे नगावर. जिवंतपणी त्यांचा विचार एकेका जिवाचा म्हणून होत नाही, अन्न म्हणून होतो, आणि जे समुद्रावर जगतात त्यांच्याकडून दुसरी अपेक्षा करणे योग्यही नाही. तरीसुद्धा माशाच्या पोटातल्या अंड्यांना आम्ही गाभोळी म्हणतो. गाभण गाईतला ‘गाभ’ आणि गाभोळीतला ‘गाभ’ एकच. 1 जून ते 31 जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद ठेवतात त्यामागे पावसाळी समुद्राचा धोका आहे, तसाच गाभोळी भरलेल्या मासळीला सवड देण्याचाही विचार आहे.

‘मासा’ हा शब्दही आपण सढळ हाताने वापरला आहे. देवमासा मासा नाही, तो श्वास घ्यायला पाण्याच्या वर येतो आणि पिलाला दूध पाजतो. तारामासाही मासा नाही. ओहोटीला खडकावर वाकून बायका जी कालवे काढतात, त्यांना तर पुष्कळ लोक जीवही मानायला तयार नसतात, कारण ती हलत नाहीत, ओरडत नाहीत आणि दगडासारखी दिसतात. परंतु कालव हा पूर्ण प्राणी आहे. मालवणच्या समुद्रात पाण्याखाली जे प्रवाळ आहे तेही वनस्पती नसून अगदी लहान प्राण्यांनी एकत्र राहून बांधलेले घर आहे. 1987 साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात असलेल्या जिवांची ओळख मुलांना करून देताना ‘प्राणी’ या शब्दाचा हा संपूर्ण विस्तार त्यांना सांगायलाच हवा. घरात प्राणी म्हणजे मांजर आणि वाघ, हे चालेल. शाळेत प्राणी म्हणजे मांजर, वाघ, बांगडा, खेकडा, कालव, प्रवाळ आणि ते शिकणारे मूलसुद्धा. जिवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने 1758 साली माणसाला याच यादीत नाव देऊन बसवले आहे.

कायद्याने मात्र माणसाला बाहेर ठेवले. 1860 च्या भारतीय दंड संहितेने ‘ॲनिमल’ची व्याख्या माणसाखेरीज कोणताही जीव अशी केली होती, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तीच आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची व्याख्या अधिक उदार आहे. तिच्यात सस्तन प्राणी, पक्षी, सरपटणारे, उभयचर, मासे, पाठीचा कणा नसलेले जीव आणि या सर्वांची पिल्ले व अंडीही येतात. अंडे हाही प्राणी, हे ऐकायला विचित्र वाटते, पण मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर त्याचा अर्थ उलगडतो. तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि वळूनही न पाहता समुद्रात निघून जाते. एके काळी ही अंडी खाण्यासाठी उकरून नेली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, आणि आज गावातलेच लोक त्यांची राखण करतात. अंड्यांना प्राण्याचा दर्जा नसता, तर वाळूतल्या त्या खड्ड्याला कोणते संरक्षण मिळाले असते?

माणसाला उद्देशून हे शब्द वापरले की त्यांच्यातला फरक आणखी उघडा होतो. ‘तू जनावर आहेस’ ही शिवी आहे. गुन्ह्याच्या बातमीतला ‘नरपशू’ त्याहून भयंकर. ‘ढोर मेहनत’ हा कष्टाचा शब्द आहे आणि त्यात कणव आहे. ‘हा एक अजब प्राणी आहे’ या वाक्यात मात्र राग नाही, उलट थोडे कौतुकच असते. चारही ठिकाणी इंग्रजीत ‘ॲनिमल’ घातले तर काय उरेल, हे वाचकांनीच पाहावे.

‘जीव’ हा या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा शब्द. मुका जीव म्हटले की त्या जिवाचा हक्क आपल्यावर येतो. दारात आलेल्या उपाशी कुत्र्याला आमची आजी ‘जीव आहे तो, घाल काहीतरी’ म्हणत असे, तेव्हा त्या कुत्र्याची जात, मालक किंवा उपयोग यांतले काहीच तिला विचारायचे नसे. ‘भूत’ या शब्दालाही एकेकाळी हाच अर्थ होता. पसायदानातल्या भूतांमध्ये परस्परांचे मैत्र मागितले आहे ते सर्व जिवांसाठी, आणि त्याच पसायदानात ‘प्राणिजात’ हा शब्दही आहे. आज भूत म्हटले की पिंपळ आठवतो, पण भूतदया या शब्दात जुना अर्थ अजून टिकून आहे. ‘प्राणिजात’मधला ‘णि’ ऱ्हस्व आहे, याकडेही लक्ष वेधतो. ‘प्राणी’ एकटा असताना दीर्घ, समासात ऱ्हस्व, म्हणून प्राणिसंग्रहालय आणि प्राणिशास्त्र. रस्त्यावरच्या कितीतरी पाट्यांवर ते दीर्घ लिहिलेले दिसते.

मुलांना आता मी एक शब्द सांगत नाही, उलट प्रश्न विचारतो. कुठे वापरायचा आहे? शास्त्राच्या वहीत असेल तर प्राणी. गोठ्याविषयी असेल तर गुरे. रानातला, मांसावर जगणारा असेल तर श्वापद, आणि त्याच्यामागे शिकारी लागला असेल तर सावज. सरकारी अर्जात असेल तर पशुधन. बिबट्याने गोठ्यातले काही नेले आणि वन विभागाकडे भरपाई मागायची असेल, तर तेवढ्यावरही भागत नाही, कारण गाय-म्हैस-बैलांची आणि शेळीची रक्कम सारखी नसते आणि पंचनाम्यात नेमके काय गेले ते लिहावेच लागते.